मातीची चव

योगवर्गाच्या शेवटी शवासन असतं. बाकीची आसनं मला बरी जमत होती. पाठ धरते म्हणून सोसायटीच्या हॉलमधला सकाळचा वर्ग लावला होता. तिसऱ्या दिवशी बाई त्यांच्या शांत आवाजात म्हणाल्या, "पाठीवर झोपा. डोळे मिटा. हातपाय सैल सोडा. अंग जड होतंय, जमिनीत रुततंय, तसं होऊ द्या." पुढचं मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की मी अनवाणी खाली पार्किंगमध्ये उभी आहे, एका हाताने खांब धरलाय आणि जिभेवर मातीची चव आहे. थुंकून पाहिलं. काहीच नव्हतं.

चाळिशीला आले होते मी. पण ती चव ओळखायला मला क्षणही लागला नाही.

माझं गाव औसा तालुक्यात, किल्लारीच्या जवळ. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. तेरणेत गणपती बोळवून माणसं उशिरा घरी आली, गुलाल न धुताच आडवी झाली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. तीव्रता ६.२ होती. याहून मोठे भूकंप होतात आणि इतकी माणसं जात नाहीत. आमच्याकडे माणसं मारली ती घरांनी. दगड-मातीच्या दोन-दोन फूट जाडीच्या भिंती, वर लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि फळ्यांवर माळवद. दर पावसाळ्याआधी आजोबा माळवदावर पांढरी माती पसरायचे, गळू नये म्हणून. वर्षानुवर्षांचे ते थर उन्हाळ्यात घर गार ठेवायचे. त्या पहाटे ते सगळं खाली आलं. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. त्यात माझे आजोबा होते आणि माझा धाकटा भाऊ होता. तो सहा वर्षांचा, मी नऊ. आम्ही दोघं एकाच गोधडीत होतो.

आदल्या वर्षीही, १९९२ च्या पावसाळ्यानंतर, किल्लारीला धक्के बसत होते. लोक काही दिवस शेतात झोपले आणि मग घरात परतले. कायम शेतात कोण झोपणार? आई अजूनही तेवढ्याच एका गोष्टीवर अडते. "तवाच पत्र्याचं शेड मारलं असतं तर," असं म्हणते आणि पुढे काही बोलत नाही.

ही गोष्ट मी किती वेळा सांगितली याची मोजदाद नाही. तंबूत आलेल्या स्वयंसेवकांना सांगितली, पत्रकारांना सांगितली, पुढे सोलापूरला मामाकडे शिकायला गेले तेव्हा शाळेत सांगितली. दर ३० सप्टेंबरला परिपाठाला मला पुढे बोलवायचे. ऐकणारे रडायचे. मी रडायची नाही. मला ती पाठ झाली होती: आधी कुत्री भुंकली, मग जमिनीखालून ट्रकसारखा आवाज आला, मग काळोख, मग काकाचा हात, मग ऊन. सगळे म्हणायचे, पोर धीराची आहे, बोलते, मोकळी होते. मन मोकळं केलं की बरं वाटतं, हे आपल्याकडे लहानपणापासून ऐकवलं जातं आणि पुष्कळदा ते खरंही असतं.

पण माझ्या त्या पाठ झालेल्या गोष्टीत एक उडी होती. "मग काळोख" आणि "मग काकाचा हात" यांच्यामध्ये पाच तास होते. ते पाच तास मी कुणालाच सांगितले नव्हते. लपवायचे होते म्हणून नव्हे. तिथे शब्दच नव्हते. तिथे माझ्या तोंडात माती होती.

पार्किंगमधल्या त्या सकाळनंतर दोन महिन्यांनी शेजारची जुनी इमारत पुनर्विकासासाठी पाडायला घेतली. दिवसभर ब्रेकरची धडधड, खिडक्यांवर धूळ. पुण्यात हल्ली कुठल्याही गल्लीत हे चालू असतं आणि बाकीच्यांना त्याचा फक्त वैताग येतो. मी दाराजवळ गादी टाकून झोपू लागले. रात्री साडेतीनला जाग यायची आणि चार वाजून जाईपर्यंत श्वास छातीच्या वरच्या वर अडायचा. त्या अर्ध्या तासात माझ्या डोक्यात कुठलाच विचार नसायचा. भूकंप आठवायचा, भाऊ आठवायचा, असंही नव्हतं. फक्त अंग ताठ व्हायचं आणि वाट बघायचं.

याआधी एका समुपदेशक बाईंकडे मी सहा महिने गेले होते. त्यांच्याविषयी माझ्या मनात कृतज्ञताच आहे. त्यांच्यामुळे मला घरातल्या माणसांशी बोलता यायला लागलं, आईवरचा माझा जुना राग मला समजला. पण शरीराला त्यातलं काही कळलं नव्हतं. ती रात्र संपली आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. बोलून सांगण्यासारखं ते नव्हतंही.

हे नुसतं माझं म्हणणं नाही. १९९६ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात माणसं फार नव्हती, फक्त आठ. आघातानंतर वर्षानुवर्षं त्याच आठवणीत अडकलेल्या या लोकांना त्यांचीच हकिकत ऐकवली आणि त्या वेळी मेंदूत कुठे हालचाल होते ते पाहिलं. भीतीशी निगडित भाग पेटून उठले, दृश्य पाहण्याचे भाग जागे झाले आणि डाव्या बाजूचा ब्रोका नावाचा भाग मंदावला. बोलण्यासाठी शब्द जुळवतो तो हा भाग. आठ माणसांवरून सगळ्या जगाविषयी बोलू नये हे मला कळतं. तरी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. लहानपणी मला "धीराची" म्हणणाऱ्या प्रत्येकाला ते दाखवावंसं वाटलं.

एका मैत्रिणीने मला ज्या थेरपिस्टकडे पाठवलं त्या ईएमडीआर करतात. पूर्ण नाव आय मूव्हमेंट डिसेन्सिटायझेशन अँड रीप्रोसेसिंग. नाव ऐकून धसका बसावा असं आहे. प्रत्यक्षात समोर एक बाई खुर्चीत बसतात आणि त्यांची दोन बोटं डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे हलवतात. डोक्यात आठवण धरायची आणि डोळ्यांनी त्या बोटांमागे जायचं. फ्रान्सीन शापिरो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंना १९८७ मध्ये बागेत फिरताना जाणवलं की आपले डोळे असे इकडून तिकडे हलतायत आणि मनात सलणाऱ्या विचारांची धार कमी होतेय. तिथून ही पद्धत सुरू झाली. १९८९ मध्ये त्यांचा पहिला अभ्यास छापून आला. त्यावर टीकाही पुष्कळ झाली. डोळे हलवण्याने खरंच काही होतं, की आठवणीला सुरक्षित जागी पुन्हा सामोरं गेल्याने होतं, हा वाद अजून पुरता मिटलेला नाही. एक स्पष्टीकरण मला पटतं: मनाच्या हाताशी एका वेळी मावणारी जागा थोडी असते. त्यातली निम्मी बोटांमागे धावण्यात गेली की आठवणीला पूर्ण ताकदीने उभं राहायला जागा उरत नाही, आणि मग ती परत ठेवली जाते ती थोडी फिकी होऊन. उपयोग होतो याचे पुरावे मात्र चांगले आहेत. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आघातानंतरच्या विकारासाठी, मुलांसाठीही, ज्या उपचारांची शिफारस केली त्यांत हा होता. त्याच यादीत आघातावर लक्ष ठेवून केलेली, बोलण्यातून होणारी वर्तनोपचार पद्धतीही होती, हेही सांगायला हवं. तिने बऱ्या झालेल्या माणसांना मी भेटले आहे.

मी गेले तेव्हा मला वाटलं, पहिल्याच दिवशी बोटं हलतील. तीन भेटी तसं काहीच झालं नाही. माझा इतिहास विचारला, झोप विचारली, औषधं विचारली. मग म्हणाल्या, "मनात अशी एक जागा शोधा, जिथे तुम्हाला सुरक्षित वाटतं." लोक देऊळ सांगतात, आजोळचं घर सांगतात. मला एकही घर सुचेना. शेवटी मी आमच्या शेताचा बांध सांगितला. हरभरा घाट्याला आलाय, हिवाळ्यातली दुपार आहे, डोक्यावर काहीही नाही. "तिथे परत परत जाऊन या," त्या म्हणाल्या. "पुढे गरज लागेल."

चौथ्या भेटीत त्यांनी विचारलं, "त्या रात्रीतलं सगळ्यात वाईट चित्र कोणतं?" मी नेहमीची गोष्ट सुरू केली. त्यांनी हात वर करून थांबवलं. "गोष्ट नको. चित्र." मी म्हणाले, काळोख. "त्या काळोखात स्वतःविषयी कोणतं वाक्य येतं?" हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. माझ्या तोंडून निघालं, "मी गप्प राहिले." आणि त्यामागोमाग, "म्हणून तो गेला."

भाऊ माझ्या उजव्या बाजूला होता. आधी तो "आक्का, आक्का" करत होता. मग नुसतं "आ" येत होतं. मग तेही नाही. मी त्याला ओ दिली नाही. एकतीस वर्षांत हे वाक्य मी मनातसुद्धा पूर्ण केलं नव्हतं.

"शून्य ते दहा, आत्ता किती त्रास होतोय?" दहा. "शरीरात कुठे?" जबडा, घसा, बोटं. "ठीक आहे. माझ्या बोटांकडे बघा."

त्या तासाचं वर्णन मला नीट जमणार नाही, कारण तो तास बोलण्याचा नव्हताच. पाव-अर्ध्या मिनिटाचा एक फेरा व्हायचा. मग त्या थांबायच्या, "आता काय येतंय?" विचारायच्या. मी दोन शब्द सांगायचे. "त्याच्यासोबत राहा," म्हणून पुढचा फेरा. मातीची चव आली. गोधडीचा वास आला. मधेच मामाच्या घरची फरशी आली, का ते माहीत नाही. एका फेऱ्यात आजोबांचा खोकला आला. मी रडत नव्हते, जबडा थरथरत होता, दात एकमेकांवर वाजत होते, आणि त्या म्हणाल्या, "होऊ द्या, थांबवू नका." मग माझं लक्ष गेलं की माझ्या दोन्ही हातांची बोटं सोफ्याचं कापड खरवडतायत. जोरात, नखांनी. मी घाबरून हात मांडीखाली घेतले. "काय करतायत ती?" मी विचारलं. "अर्थ लावायची घाई नको," त्या म्हणाल्या. "करू द्या त्यांना." आठवणीत नसलेलं काही माझ्या तोंडी घालायचा प्रयत्न त्यांनी त्या दिवशी केला नाही, नंतरही कधी केला नाही. त्यांच्यावरचा माझा विश्वास तिथे बसला.

असे नऊ तास झाले. एकामागून एक नव्हे. मधे मी दोनदा सोडून दिलं, एकदा आठवडाभर ताप आला. शेवटी "किती त्रास होतोय?" याचं उत्तर एकवर आलं. शून्यावर आलं नाही, आणि त्यांनी ते आणायचा आग्रह धरला नाही. "सहा वर्षांचा भाऊ गेलाय तुमचा," त्या म्हणाल्या, "त्याचं थोडं दुखणारच." आठवण गेलेली नाही. फक्त तिला तारीख मिळाली आहे. ती १९९३ ची आहे.

रात्री मी आता आतल्या खोलीत झोपते.

शवासनाचं पुढे काय झालं, तेही सांगते. दुसऱ्या एका शिक्षिकेकडे मी पुन्हा योग सुरू केला. त्या आधीच सांगतात, "ज्याला नको त्याने डोळे मिटू नका. कुशीवर झोपलात तरी चालेल, बसून राहिलात तरी चालेल." इतकं साधं वाक्य, पण पहिल्या वर्गात ते कुणी म्हटलं असतं तर मी पार्किंगमध्ये गेले नसते. अमेरिकेत मनोविकारतज्ज्ञ बेसेल व्हॅन डर कोल्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये छापलेला एक अभ्यास आहे. आघातानंतरचा विकार असलेल्या, इतर उपचारांनी बऱ्या न झालेल्या ६४ स्त्रियांपैकी निम्म्यांना दहा आठवडे असा योग शिकवला, आघात सोसलेल्यांचा विचार करून बेतलेला. बाकीच्यांना आरोग्याविषयीचे वर्ग दिले. शेवटी योग केलेल्यांपैकी ५२ टक्के स्त्रियांमध्ये विकाराचं निदान उरलं नाही. दुसऱ्या गटात हे प्रमाण २१ टक्के होतं. आसनं आपलीच आहेत. हात लावू का असं विचारणं, नको म्हणायची मुभा देणं, हे मात्र आपल्या वर्गांमधून मला क्वचित दिसलं. ज्याच्या शरीराला एकदा कुणी काहीही विचारलं नाही, त्याला तेवढं विचारणं हाच अर्धा उपचार असतो असं मला वाटतं.

कोलकात्यात सोहिनी चक्रवर्ती यांनी २००४ मध्ये सुरू केलेली कोलकाता संवेद ही संस्था नृत्य आणि हालचालींतून काम करते. विक्रीतून, अत्याचारातून सुटून आलेल्या मुलींबरोबर त्यांनी हे काम उभं केलं. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेबरोबर त्यांनी याचा पदविका अभ्यासक्रमही चालवला. त्यात मुलीला तिची कहाणी विचारत नाहीत. पोलिसांना, कोर्टाला, संस्थेला सांगून सांगून तिची ती आधीच पाठ झालेली असते, जशी माझी झाली होती. आधी तिला पाय जमिनीवर आपटू देतात.

हे सगळं लिहिताना मला आज्जीचं जातं आठवतं. ढिगारे उपसले तेव्हा लोक दागिने, भांडी, कागदपत्रं शोधत होते. आज्जीने वडिलांना जातं शोधायला लावलं. वरची तळी सापडली, खालची दोन दिवसांनी. पत्र्याच्या शेडमध्ये तिने ते मांडलं आणि पहाटे दळायला बसू लागली. दळण नसायचंच, सगळं धान्य मदतीतून यायचं, पिठाची पाकिटंसुद्धा. ती मूठभर ज्वारी टाकायची आणि ओढत राहायची. दिवसा ती नातवाचं नाव घेत नसे. पहाटे ओवीत घ्यायची. जात्यावर बसलं की ओवी आठवते म्हणतात. तिला तिथेच तो आठवायचा. आम्ही गोधडीतून ऐकायचो. दगडाची घरघर, तिचा झुलणारा आवाज, त्यात त्याचं नाव.

हल्ली असं काही सांगितलं की कुणीतरी लगेच म्हणतं, बघा, आपल्याकडे हे आधीच होतं. मी तसं म्हणणार नाही. आज्जीला उपचार मिळाला नाही. ती त्यानंतर कधीही छपराखाली सलग झोपली नाही, आणि अकरा वर्षांनी गेली तेव्हाही अंगणातच होती. जात्याने तिला दिवस काढायला मदत केली. त्यापलीकडचं देणारं कुणी आमच्या गावात आलंच नाही. जे आले त्यांनी धान्य दिलं, पत्रे दिले, नवी गावं वसवली, काहींनी लेकरांना शिकवलं. ते उपकार मी विसरणार नाही. पण आमच्याशी जे बोलायला आले, त्यांना आमच्याकडून गोष्ट हवी होती. घटनेनंतर लगेच एकदाच बसवून सगळं वदवून घेण्याने पुढचा त्रास टळत नाही, हे आता अभ्यासांनी दाखवलंय. तेव्हा सगळे चांगल्या मनानेच विचारत होते.

१९९७ मध्ये मेक्सिकोत अकापुल्कोला पॉलीन चक्रीवादळ आलं. त्यातून वाचलेल्या मुलांबरोबर काम करताना लुसिना आर्तिगास यांनी फुलपाखराची मिठी शोधली. दोन्ही हात छातीवर आडवे धरायचे, उजवा तळवा डाव्या खांद्याखाली, डावा उजव्या, आणि आळीपाळीने हलके थोपटायचं. एकाच वेळी पन्नास मुलांना ते करता येतं. शब्द लागत नाहीत, भाषाही लागत नाही. किल्लारीनंतर चार-पाच वर्षांनी. मी ती मिठी शिकले त्या दिवशी घरी येऊन खूप रडले, ते भावासाठी नव्हतं. पत्र्याच्या शेडमध्ये रांगेने झोपणाऱ्या आम्हा सगळ्या लेकरांसाठी होतं.

एक गोष्ट निक्षून सांगते. "शरीरात साठलेला आघात दोन दिवसांत बाहेर काढू" म्हणणाऱ्या शिबिरांच्या जाहिराती मला फोनवर येतात. तिथे जाऊ नका. माझ्या थेरपिस्टनी पहिल्या तीन भेटी नुसतं मला परत येता येईल अशी जागा बांधण्यात घालवल्या. ती जागा न बांधता कुणी त्या काळोखात नेलं असतं तर मला परत कुणी आणलं असतं? समोरच्याचं शिक्षण विचारा, प्रशिक्षण कुठे झालं ते विचारा, औषधं चालू असतील तर आपल्या डॉक्टरांना विचारा. आणि हो, हे महाग आहे. मला परवडलं. माझ्याबरोबर शेडमध्ये होत्या त्यांतल्या बहुतेकींना परवडणार नाही, आणि त्यांच्या जवळपास असं करणारंही कुणी नाही. याचा मला राग येतो.

गेल्या वर्षी ३० सप्टेंबरला गावी गेले होते. नव्या गावात आमचं घर आहे. आई पहाटे उठून ओट्यावर बसली होती. त्या तारखेला ती झोपतच नाही. मी तिच्याशेजारी बसले. तीनपासून चारपर्यंत आम्ही बोललो नाही. मग मी तिला सांगितलं. माती, आवाज, "आक्का" आणि मी ओ दिली नाही ते. सांगताना माझे हात छातीवर होते.

आई बराच वेळ समोर बघत राहिली.

"वरडत नव्हतीस तू," ती म्हणाली. "आम्हाला कुणाचाच आवाज येईना झाला हुता. काका म्हणला, इथं कुणी ऱ्हायलं नाही, फुडं चला. मग खर्र खर्र आलं. म्हणलं घूस असंल. पुन्हा आलं. म्हणलं, उकरा."

तिने माझा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि एकेक बोट चाचपून पाहिलं. तंबूत माझ्या दहाही बोटांना पट्ट्या होत्या. दगड पडले असतील, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

"कातीक निघंस्तोवर नखं नव्हती तुला," ती म्हणाली.